वाचा कोणत्या बाजूला?

अपस्माराची आकडी ज्या मुलांना दोन-तीन औषधे बदलूनही सोडत नाही, त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत मेंदूतील रोगट भाग काढून टाकणे हाच उपाय उरतो. परंतु तो भाग भाषेच्या केंद्राला लागून असला तर आकडीबरोबर मुलाची वाचाही जाईल की काय, ही धास्ती आईबापांइतकीच शल्यविशारदालाही असते.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी, 'तां' या एका उच्चारापलीकडे न बोलू शकणाऱ्या रुग्णाचा मेंदू मरणोत्तर तपासला, तेव्हा क्षती डाव्या गोलार्धाच्या पुढच्या भागात आढळली. उजव्या हाताने लिहिणाऱ्या शंभर माणसांपैकी सुमारे ९५ जणांची भाषा डावीकडेच असते. मात्र कोवळ्या वयात डाव्या गोलार्धाला इजा झाली, तर वाढता मेंदू भाषेचा कारभार उजवीकडे सोपवू शकतो, किंवा दोहोंत वाटून देतो. म्हणून अपस्मारग्रस्त मुलांच्या बाबतीत या नियमावर विसंबून चालत नाही.

जुन वाडा यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत मानेच्या धमनीवाटे अमायटल हे गुंगीचे औषध देऊन एक गोलार्ध काही मिनिटे निजवीत आणि रुग्ण बोलतो की नाही, हे पाहत. जागेपणी एकाएकी वाचा बंद झालेले लहान मूल भेदरले, की तपासणी व्यर्थ जाई.

१९९० साली सेइजी ओगावा यांनी रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचे कार्य चुंबकीय प्रतिमेत टिपता येते, हे दाखविले, आणि त्यातून फंक्शनल एमआरआय आले. मूल यंत्रात निजून 'चेंडू' हा शब्द ऐकते, मनाशी 'फेकणे', 'झेलणे' म्हणते. तेवढ्यात कोणत्या गोलार्धाकडे रक्ताचा ओघ वाढला, हे सुई न टोचता कळते. मॅग्नेटोएन्सेफलोग्राफीत मेंदूचे अतिसूक्ष्म चुंबकीय स्पंदन डोक्याभोवतीच्या संवेदकांनी मोजतात. तेथे नुसते शब्द ऐकविले तरी पुष्कळ उलगडा होतो. मात्र प्रतिमेत उजळलेला प्रत्येक भाग भाषेला अपरिहार्य असतोच असे नाही. म्हणून निष्कर्ष संदिग्ध असल्यास अन्य चाचण्यांची जोड द्यावी लागते.

पूर्वी वाचेचा ठाव तिला क्षणभर मुकी करून घेत; आता ती कार्यरत असतानाच घेतात. म्हणूनच मराठी घरातील मुलाला या नव्या चाचण्यांत मराठी शब्द आणि मराठी गोष्ट ऐकविण्याचा आग्रह धरला पाहिजे. जी भाषा मूल घरी बोलते, तिचेच रक्षण करण्यासाठी तर ही सारी खटपट आहे.