टाचदुखी आणि पादत्राण : चिकित्सेतील दुर्लक्षित अंग

दिघाशी परिसरातून भिवंडीच्या गोदामांत जाऊन दिवसभर सिमेंटच्या जमिनीवर उभ्याने काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये टाचदुखी आम्हांस वारंवार आढळते. पाऊल विषम पडल्याने होणारा 'वातकंटक' सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात वर्णिला आहे. निदानपरिवर्जनाविना केवळ गुग्गुळकल्पांनी मिळणारा उपशय टिकत नाही. म्हणून रुग्णेची झिजलेली चप्पल आम्ही अवश्य पाहतो.

मऊ तेवढे हितकर, हा समज सोडावा. अंगठ्याने दाबताच पूर्ण दबणारा फोम शरीरभाराने लवकरच चपटा होतो. चप्पल चवड्यापाशी वाकावी, मध्यभागी दुमडू नये. टाचेची जागा किंचित खोलगट असावी व तळव्याच्या कमानीस आधार मिळावा. दिवसभरात पाय किंचित सुजतात, यास्तव खरेदी सायंकाळी करावी. मधुमेहामुळे पाय बधिर असल्यास अंगठ्याची चप्पल टाळून मागे पट्टा असलेले, बोटे झाकणारे पादत्राण सुचवावे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंग आणि पादत्रधारण ही दोन्ही सांगितली आहेत. औषधालयचालक बंधुभगिनींनीही अभ्यंगतैल देताना ग्राहकाच्या पायांतील चपलेकडे एकवार दृष्टी टाकावी.