गेमिंग पीसीचा एसएमपीएस: बॉक्स नको, लेबल वाचा
तर मंडळी, ग्राफिक्स कार्डातच बजेट संपतं आणि मग एसएमपीएस 'दुकानदार देईल तो'. घोळ इथंच होतो.

हिशोब बघा. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅटचं, रायझन ५ ५६०० प्रोसेसर ६५ वॅटचा. बाकी सगळं धरून तीनशेच्या आतच. या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॅट सुचवते. तेवढा बस झाला, ८५०चा कशाला?

पण ते ५५० खरे का? बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते बघा आणि १२ने गुणा. ४५ असतील तर ५४० वॅट, मस्त. १८च असतील तर २१६. मग बॉक्सवर काही का लिहिलेलं असेना!

आता इनपुट. सेनगाव-औंढ्याकडं मोटारी सुरू झाल्या की लाइट कशी डिम होते, ते मी काय सांगू? २००-२४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस १८०ला भर मॅचमध्ये बंद पडू शकतो. १००-२४० वाला तग धरतो. ८० प्लसच्या स्टिकरवर भुलू नका, तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो.

आणि हो, तीन पिनांचं सॉकेट म्हणजे अर्थिंग आहेच असं नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर पीसी बंद करा आणि आधी वायरमनला बोलवा.