फिशटँकचा दिवा कंट्रोलरला जोडताना

मंद-तेज होणारा एलईडी दिवा टाकीवर बसवला की पुढे कंट्रोलर येतो. सकाळी दिवा हळूहळू उजळवायचा आणि रात्री तसाच उतरवायचा, एवढंच त्याचं काम. सांगवीत घरटी कोणी ना कोणी भोसरीला नाहीतर चाकणला कारखान्यात कामाला असतं, त्यामुळे वायरिंगचा जाणकार शोधावा लागत नाही. तरी एका ठिकाणी त्याचीही गफलत होऊ शकते. ते पुढे येईलच.

आधी ड्रायव्हर ओळखून घ्या. घरची २३० व्होल्टची वीज एलईडीला सोसेल अशी करून देणारा डबा म्हणजे ड्रायव्हर. प्रकाश कमी-जास्त तोच करतो. कंट्रोलर त्याला फक्त ‘किती’ ते सांगतो. म्हणून बोर्डावर पंख्याचा रेग्युलेटर लावून दिवा मंद करायला जाऊ नका. दिवा लुकलुकेल, आणि ड्रायव्हर जळायचीही भीती आहे.

आता ड्रायव्हरवरचं लेबल वाचा. तिथे दोनपैकी एक पद्धत लिहिलेली असते. एक, ‘० ते १० व्होल्ट’: व्होल्टेज जितकं जास्त तितका उजेड जास्त. दुसरी ‘पीडब्ल्यूएम’: सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होणारा संकेत, त्यात ‘चालू’चा वाटा वाढला की उजेड वाढतो. कंट्रोलर त्याच पद्धतीचा हवा. पीडब्ल्यूएम असेल तर संकेत ५ व्होल्टचा की १० चा, तेही जुळवून घ्या.

मग जोडणी. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. संकेताच्या दोन बारीक वायरी असतात. धनला धन, ऋणला ऋण. रंगावर विसंबू नका, छापलेलं चिन्ह बघा. उलट जोडलं तर दिवा बहुधा मंदच राहतो. या वायरींना चुकून फेज लागला तर मात्र ड्रायव्हर गेलाच समजा.

आता ती गफलत. कारखान्यात मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हलाही ० ते १० व्होल्टचाच संकेत देतात. तिथे संकेताची वायर तुटली की मोटर सहसा थांबते. दिव्याचं उलटं आहे. इथे साधारण १० व्होल्ट ड्रायव्हर स्वतःच वायरींवर ठेवतो आणि कंट्रोलर ते खाली ओढतो. म्हणून वायर सुटली की दिवा पूर्ण पेटतो, आणि ‘कंट्रोलर बिघडला’ म्हणून लोक दुकान गाठतात.

याची परीक्षा सोपी आहे, पण फक्त ० ते १० व्होल्टच्या ड्रायव्हरवर करायची. कंट्रोलर सोडवून ठेवा आणि दिवा लावा. मल्टिमीटर डीसीवर ठेवून संकेताच्या दोन टोकांवर धरा. दहाच्या आसपास आकडा दिसेल. मग ती दोन टोकं एकमेकांना टेकवा. दिवा एकदम उतरला तर ड्रायव्हर ठणठणीत आहे, दोष पुढे शोधायचा.

शून्यावर आणूनही दिवा मिणमिणत राहिला तर घाबरू नका. बरेच ड्रायव्हर दहा टक्क्यांच्या खाली जातच नाहीत. पूर्ण अंधार हवा तर मुख्य पुरवठा तोडणारा रिले किंवा टायमर लागतो.

पाण्याशेजारी काम आहे, तेव्हा प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली उतरेल असा झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच ठिबकेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर आधी तो बसवा. यात काटकसर नको.

शेवटी वेळापत्रक. सुरुवातीला निम्म्या उजेडावर सहा ते आठ तास पुरतात; जास्त दिलं की काचेवर शेवाळ धरतं. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि घड्याळाला बॅटरी नसलेला कंट्रोलर वीज आल्यावर शून्यापासून मोजू लागतो. मग माशांना भर मध्यरात्री दुपार. म्हणून घेतानाच दुकानात प्लग काढून, दहा मिनिटांनी परत लावून वेळ तपासा.