अकराचे पस्तीस

लिनक्सवर प्रोग्रॅमला ११ हा एरर कोड मिळाला, तर अर्थ असा: आत्ता जमत नाही, पुन्हा प्रयत्न कर. ३५ मिळाला, तर डेडलॉक, म्हणजे एकमेकांच्या कुलपांसाठी अडून बसण्याची वेळ. मॅकवर नेमकं उलटं: ३५ म्हणजे पुन्हा प्रयत्न कर आणि ११ म्हणजे डेडलॉक. दोन्हींचं कूळ युनिक्सचं, आणि पॉझिक्स या प्रमाणाच्या दृष्टीने दोन्हीही बरोबर!

१९७९च्या युनिक्समध्ये ११ला ‘ईअगेन’ म्हणत. नव्या प्रोसेसला जागा नाही, एवढाच त्याचा अर्थ. १९८३मध्ये बर्कलेच्या बीएसडी ४.२ने नेटवर्किंग आणलं. डेटा अजून आलेला नाही, हे प्रोग्रॅमला तिष्ठत न ठेवता सांगायला तिथे ‘ईवुडब्लॉक’ आला, क्रमांक ३५. एटी अँड टीच्या सिस्टीम फाइव्हमध्ये अशा वेळी नुसतं शून्य मिळे. फाइल संपली तरी शून्यच! डेटा यायचाय की संपलाय, हे ओळखायचं कसं? या साऱ्या प्रकरणातली खरी घोडचूक हीच.

१९८८च्या पॉझिक्सने ‘डेटा अजून आलेला नाही’ हे सांगायला ‘ईअगेन’ निवडला. पण नावच ठरवलं, आकडा नाही. यात शहाणपण होतं. कंपाइल झालेल्या प्रोग्रॅममध्ये नाव उरतच नाही, उरतो तो आकडा; तो बदलायला लावला असता, तर जुने प्रोग्रॅम मोडले असते. बीएसडीने पुढे ‘ईअगेन’ला ३५वर नेऊन बसवलं. नेटवर्कचे जुने प्रोग्रॅम त्यामुळे चालत राहिले; झळ बसली असेल ती ११ तपासणाऱ्यांना. मोकळा झालेला ११ डेडलॉकला मिळाला. मॅकवरचे आकडे बीएसडीकडूनच आलेले. लिनक्सने मात्र ११ कायम ठेवला आणि ‘ईअगेन’ व ‘ईवुडब्लॉक’ ही दोन्ही नावं त्यालाच दिली. ‘११ पूर्वी ईअगेन होता’ अशा अर्थाची टीप बीएसडीच्याच वंशातल्या फ्रीबीएसडीच्या हेडर फाइलमध्ये आहे.

कधी प्रमाणालाच बगल दिली जाते. फाइल काढून टाकणारं ‘अनलिंक’ डिरेक्टरीवर चालवलं, तर पॉझिक्सनुसार ‘परवानगी नाही’ असं उत्तर हवं. लिनक्स म्हणतं, ‘ही डिरेक्टरी आहे’. नियमात बसत नसलं, तरी हेच उत्तर जास्त कामाचं.

तेव्हा कोडमध्ये आकडा कधीच लिहू नका. ‘ईअगेन’ आणि ‘ईवुडब्लॉक’ दोन्ही तपासा, कारण ते वेगळे ठेवायलाही प्रमाणाची मुभा आहे. फक्त ‘स्विच’मध्ये दोघांना वेगवेगळा ‘केस’ देऊ नका. आकडा एकच असेल तिथे कंपायलर अडतो. साधा ‘इफ’ पुरतो.