उंबरठ्याच्या आत

कोल्हापूरच्या पूर्वेस, उजळाईवाडीच्या विमानतळाला लागून असलेल्या गडमुडशिंगी गावी आमचे घर आहे. डोक्यावरून विमान जावे आणि त्याच क्षणी खालच्या आळीत चौंडके वाजावे, असा योग येथे वरचेवर येतो. दर शुक्रवारी आमच्या दारी यल्लमाचा जोगवा मागावयास एक व्यक्ती कित्येक वर्षे येत आहे. अंगावर हिरवे लुगडे, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. बांधा व आवाज मात्र पुरुषाचा. आमच्या काकू सुपातून जोंधळे आणतात, परडीत घालतात, हळदकुंकू लावतात आणि आत येतात. ह्या सर्व विधीस दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि त्या दोन मिनिटांपलीकडे त्या व्यक्तीस काही आयुष्य असेल, हा विचार आमच्या चांगल्या शिकलेल्या घरात कोणाच्याही मनात कधी आला नव्हता, हे आम्ही प्रथमच कबूल करतो.

तो विचार आणला आमच्या आठ वर्षांच्या पुतणीने. मुलांचे प्रश्न सरळ असतात. तिने विचारले, "तुम्ही जेवता कुठे?"

"घरातच जेवतो की बाळ. आईच्या हातचं."

काकूंच्या हातातले सूप तसेच राहिले. जोगतीण म्हणजे देवीची; तिला आई असेल, चूल असेल, चुलीशी बसून भाकरी मोडणारे भाऊ असतील, ही गोष्ट आम्हां सर्वांस नवीनच होती. मग हळूहळू, शुक्रवारामागून शुक्रवार, जे कळले ते असे. घरी म्हातारी आई आहे, दोन भाऊ, दोन भावजया, थोरल्याची मुले. थोरला भाऊ अजून जुन्या, म्हणजे मुलाच्या, नावानेच हाक मारतो. आई कधी ह्या नावाने, कधी त्या. थोरली वहिनी मात्र लग्न होऊन आली त्या वर्षापासून 'वन्सं' म्हणते. "तिला कुणी शिकवलं न्हाई. आपल्याच मनानं म्हणाय लागली," असे सांगताना ती जरा तोंड फिरवून हसली.

येथे भाषेसंबंधी एक लहानसे विषयांतर करू. पुण्याकडील वाचकांस वाटेल की 'जेवतो' ह्या रूपाने तिने आपले पुरुषपण उघड केले. तसे मुळीच नाही. आमच्या करवीर भागात खेड्यापाड्यांतील बायाबापड्या 'मी आलो', 'मी जातो' असेच बोलतात. पुण्यामुंबईच्या पारलिंगी स्त्रीस तोंड उघडल्याबरोबर 'आले' म्हणावे की 'आलो' ह्याचा निर्णय करावा लागतो. आमच्याकडील बोलीने तो त्रास पूर्वीच काढून टाकला आहे.

आता ही जोगतीण आणि ज्यांस आज 'तृतीयपंथी' वा 'पारलिंगी स्त्री' म्हणतात त्या एकच, असे समजणे चुकीचे होईल. केसांत जट आली, घरात दुखणे हटेना, म्हणून देवीला सोडलेले जोगतेही असत. उलट जन्मतः मुलगा म्हणून नोंद झाली, परंतु कळू लागल्यापासून ज्यांनी स्वतःस मुलगीच मानले, अशांस ह्या भागात मानाने राहण्यास यल्लमाची परडी हीच एक जागा पुष्कळ काळ उपलब्ध होती. गडहिंग्लज-गारगोटीकडचे जीवन जवळून पाहिलेले राजन गवस ह्यांनी 'चौंडकं' व 'भंडारभोग' ह्या कादंबऱ्यांतून हे जग मराठी वाचकांपुढे ठेवले, आणि त्यांच्याच आधारे २००९ साली 'जोगवा' हा चित्रपट निघाला. मार्गशीर्षातील पौर्णिमेस सौंदत्तीच्या डोंगरावर कोल्हापूरकर हजारोंनी जातात. परतल्यावर येथे ओढ्यावरच्या यल्लमाच्या देवळात आंबिलीची यात्रा भरते. त्या दिवशी डोक्यावर जग घेतलेल्या जोगत्याच्या पायांवर घरंदाज स्त्रिया मस्तक ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्याच स्त्रीच्या शेजारी बसमध्ये जागा रिकामी राहते. देवीची म्हणून तिला जो मान आहे तो दाराबाहेरचा आहे. लेक म्हणून, बहीण म्हणून आतला मान देण्याचा प्रसंग आला की आमचे हात आखडतात.

आम्हां सुशिक्षितांस तर पुराणातील दाखले तोंडपाठ असतात. विराटाच्या अंतःपुरात बृहन्नडा वर्षभर राहिली, उत्तरेस नृत्य शिकवीत राहिली, हे आपण मुलांस कौतुकाने सांगतो. बालगंधर्वांच्या लुगड्याची व अंबाड्याची ढब आपल्या आज्या-पणज्यांनी उचलली, हेही अभिमानाने सांगतो. बृहन्नडेचा अज्ञातवास वर्षाने संपतो आणि नाटकाचा पडदा मध्यरात्रीनंतर पडतो, ह्यामुळेच की काय ती दोन्ही आपल्याला सोसतात. ज्याचा पडदा पडत नाही त्याचे काय करावे, हे मात्र कोणत्याच आजीने सांगून ठेवलेले नाही.

ह्याच महाराष्ट्रातील दोन घरांची हकीकत शेजारी-शेजारी ठेवून पाहावी. लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्यांचा जन्म १९७८ साली ठाण्यात, उत्तर प्रदेशातून आलेल्या एका सनातनी ब्राह्मण कुटुंबात झाला. भावंडांत त्या सर्वांत वडील. लहानपणी दम्याने बेजार, नृत्याची अनिवार ओढ, आणि बायकी म्हणून होणारी चेष्टा. पुढे मुंबईत त्यांनी गुरू केला आणि त्या हिजडा समाजात गेल्या, ही गोष्ट घरी कळली तेव्हा आकांत झाला, आई रडली. परंतु वडिलांनी त्यांस घराबाहेर काढले नाही. मूल आपले आहे, त्यास टाकले तर त्याने जावे कोठे, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. त्या घरात लक्ष्मीबाई थोरले अपत्य म्हणूनच राहिल्या, थोरल्याची कर्तव्ये करीत राहिल्या. वैशाली रोडे ह्यांनी शब्दांकन केलेले त्यांचे आत्मकथन 'मी हिजडा, मी लक्ष्मी' २०१२ साली प्रसिद्ध झाले, ते ज्यांनी वाचले असेल त्यांस हे ठाऊकच आहे. आम्हांस त्या पुस्तकातील सभा-परदेशगमनांपेक्षा हे ठाण्याचे घर अधिक लक्षात राहिले. जगात तिला काहीही म्हणोत, संध्याकाळी परतावयास एक दार होते.

दुसरे घर पुण्याचे. गौरी सावंत ह्यांचे वडील पोलीस खात्यात अधिकारी. आई लहानपणीच वारलेली, आजीने सांभाळलेले. मुलाचे वळण पाहून वडिलांचे व त्यांचे बोलणे खुंटले, आणि वयात येता येता गौरीबाईंनी घर सोडून मुंबई गाठली. त्यांनी स्वतः पुढे जे केले ते नवलाचे आहे. मालवणीत 'सखी चार चौघी' ह्या संस्थेद्वारे त्यांनी आपल्यासारख्यांच्या आरोग्याचे काम उभारले. एका मृत वेश्येच्या पोरक्या मुलीस मुलगी मानून वाढविले. वेश्यावस्तीतील मुलांसाठी 'नानी का घर' काढले. २०१७ साली एका औषधाच्या जाहिरातीत ह्या मायलेकींची गोष्ट आली आणि लाखो घरांतून डोळे पुसले गेले. ज्या घराने मूल गमावले त्या घरातून आलेल्या व्यक्तीने दुसऱ्याच्या मुलास घर दिले, ह्यात कौतुक आहेच. पण आमचे मन अडते ते अलीकडे. पुण्याच्या त्या घरात किती वर्षे एक ताट कमी वाढले गेले असेल?

घर सुटले की दुसरे घर शोधावे लागते, आणि तेही एकत्र कुटुंबच असते, हे आमच्या वाचकांस गमतीचे वाटेल. तृतीयपंथी समाजात गुरू म्हणजे आई आणि सासू दोन्ही. एका गुरूच्या चेल्या त्या बहिणी-बहिणी. गुरूच्या गुरूस आजीचा मान. कमाई एकत्र, चूल एकत्र, वडिलांसमोर मोठ्याने बोलावयाचे नाही, डोक्यावर पदर हवा, आजारपणात पाळीपाळीने उशाशी बसावयाचे. हे सारे वाचून आमच्या घरातील एक सून पटकन म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखेच की!" तिच्या स्वरात किंचित कडवटपणा होता, तोही योग्यच होता, कारण त्या घरांतूनही कमाई गुरूच्या हाती जाते, धाकटीचे काही चालत नाही, आणि रुसून निघून जाण्यास माहेर नसते. ते घर गोडच असते असे आम्ही म्हणणार नाही. पण मेल्यावर खांदा देणारे कोणीतरी असते.

कायदा ह्या बाबतीत आमच्यापुढे गेला. १५ एप्रिल २०१४ रोजी न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री ह्यांच्या खंडपीठाने सर्वोच्च न्यायालयात तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. लक्ष्मीबाई त्या प्रकरणात न्यायालयापुढे होत्या. २०१९ साली संसदेने जो कायदा केला त्याच्या बाराव्या कलमाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नोकरी, शिक्षण, दवाखाना ह्यांबरोबरच त्यात घराविषयी लिहिले गेले: अशा मुलास केवळ तो तसा आहे म्हणून आईबापांपासून तोडू नये, ज्या घरात आईबाप वा जवळचे नातलग राहतात त्या घरात राहण्याचा, त्यातून बाहेर न काढले जाण्याचा, आणि घरातील सोयी इतरांसारख्या वापरण्याचा त्यास अधिकार आहे. पोटच्या मुलास घरात राहू द्यावे हे संसदेला लिहून द्यावे लागले, हे वाचून आम्ही काही वेळ पुस्तक मिटून बसलो. वैद्यकानेही आपली भूमिका बदलली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये संमत केलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत ही अवस्था मनोविकारांच्या यादीतून काढून टाकली. उतारे, ताईत, आणि 'लग्न करून द्या म्हणजे सुधारेल' हा आमच्याकडील शेवटचा रामबाण ह्यांस आता वैद्यकाचा आधार उरलेला नाही. त्या रामबाणाने एका परक्या मुलीचाही बळी जातो, हे वेगळे सांगावयास नको.

खेड्यांनी तर कधी कधी शहरांस लाजविले आहे. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने ऑक्टोबर २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे ह्यांस सरपंच निवडले. लोक त्यांस 'माऊली' म्हणतात. जळगावजवळच्या भादली बुद्रुक येथे अंजली पाटील ह्यांचा स्त्रियांच्या राखीव जागेवरील अर्ज फेटाळला गेला, तेव्हा त्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने स्त्री म्हणून उभे राहण्याचा त्यांचा हक्क मान्य केला आणि त्याच महिन्यात त्या निवडून आल्या. मत देणाऱ्यांनी काही ग्रंथ वाचलेले नव्हते. बाई नळाच्या पाण्यासाठी भांडेल की नाही, एवढेच त्यांनी पाहिले असावे.

आणि तरीही आम्हांस वाटते की सरपंच होणे एक वेळ सोपे, आत्या होणे कठीण. सरपंचपद मतांनी मिळते. आत्यापण दुसऱ्यांनी घरात बसून द्यावे लागते; त्यास न्यायालयात दाद नाही. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात 'इतर' ह्या रकान्यात ४०,८९१ माणसे नोंदली गेली. त्यांतील कितीजण कोणाची आत्या, कोणाची मावशी म्हणून ओळखली जात होती, असा रकाना शिरगणतीत नसतो.

हे आत्येचे प्रकरण आम्हांस उगाच सुचलेले नाही. गेल्या वर्षी आमच्या जोगतिणीच्या धाकट्या भावास मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसे. ह्या घरात मुलींचा जन्म नाही. सख्खी बहीण अशी भावांस नाही. तेव्हा बाळाच्या कानात नाव कोणी सांगावे? धाकट्याने गावातील एक लांबची चुलत बहीण बोलवावी असे ठरविले. थोरली वहिनी म्हणाली, "लांबची कशाला? वन्सं हाईत की घरात." त्यावरून दोन दिवस घर धुमसत होते. व्याही काय म्हणतील, बाळंतिणीच्या माहेरची माणसे उठून जातील, पोरीच्या नावाला डाग लागेल. म्हातारी काहीच बोलेना. आमची जोगतीण हे सांगावयास आली तेव्हा शुक्रवार नव्हता, परडीही नव्हती. ओट्यावर बसून म्हणाली, "मी त्या दिवशी सौंदत्तीला जाऊ का? मी नसलो म्हंजे भांडण मिटंल." काकूंनी तिला पाणी दिले. जा म्हणावे की राहा म्हणावे, आम्हांस कोणासच सुचले नाही. आमच्या घरातील सर्व शिक्षण त्या वेळी भिंतीला टेकून उभे होते. शेवटी काकूच म्हणाल्या, "आई काय म्हणते ते बघ. भाऊ बोलेल ते नको, आई."

पुढल्या शुक्रवारी ती आली ती उशिरा, उन्हे वर आल्यावर. परडीत जोंधळ्यांऐवजी कागदाच्या पुड्या होत्या, बारशाच्या घुगऱ्या. पहिली पुडी तिने पुतणीच्या हातावर ठेवली, दुसरी काकूंपुढे धरली. काकू क्षणभर थांबल्या, मग पदर पसरून त्यांनी ती घेतली आणि आत न जाता तेथेच उंबऱ्यावर बसून दोन दाणे तोंडात टाकले.

"नाव काय ठेवलंस?"

तिने नाव सांगितले. मुलीच्या पणजीचे होते. मग परडी खाली ठेवून, एक हात मागे नेत, लुगड्यावरून पाठ चोळीत ती म्हणाली, "वहिनीनं काय गुद्दे घातले हो! आनि धाकटीच्या माहेरच्या बायकांनी बी. तीन दिस झाले, पाठ अजून दुखतीया."