बैठक बसली, पण मध्यस्थ कसा हवा?

शीव, प्रतीक्षानगर, धारावी, सायन कोळीवाडा या पट्ट्यात नवरा-बायकोचे भांडण घराबाहेर पडले की वकिलाच्या आधी बैठक बसते. कधी विहारात, कधी मंडळाच्या खोलीत, कधी मुलीच्या मामाच्या घरी. दोन्हीकडची चार-चार वडीलधारी माणसे, एखादा कार्यकर्ता आणि कोपऱ्यात खाली मान घालून बसलेली मुलगी. रात्री सुरू झालेली बैठक एक-दीडला उठते आणि बहुतेक वेळा निकाल ठरलेला असतो. झाले गेले विसरा, मुलीला नांदायला पाठवा.

या माणसांना नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. दिवसभर ड्यूटी करून दुसऱ्याच्या संसारासाठी रात्र जागवणारी माणसे आता कमीच उरली आहेत. त्यांच्यामुळे कितीतरी घरे कोर्टाच्या पायरीपासून वाचली आहेत. पण वायरिंग करायला आपण परवाना असलेला वायरमन बोलावतो, आणि दोन माणसांचे आयुष्य ज्याच्या हाती देतो त्याला मात्र एकही प्रश्न विचारत नाही. मध्यस्थीच्या कामाचेही नियम आहेत. ते कायद्यात, न्यायालयांच्या निकालांत लिहिलेले आहेत. आपल्या बैठकीला ते जसेच्या तसे लागू होत नसतील. पण ते माहीत असले तर काय मागायचे ते तरी कळते.

पहिली गोष्ट, मध्यस्थ म्हणजे पंच नव्हे. पंच निकाल देतो. मध्यस्थाला निकाल देण्याचा अधिकारच नसतो. 2023 साली संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. मध्यस्थाने कोणतीही तडजोड लादू नये आणि एखाद्या पक्षाशी आपला संबंध असेल तर तो आधी उघड करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आता आपली बैठक डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी बसलेला गृहस्थ बहुधा मुलाचा चुलता असतो, नाहीतर ज्याने ही सोयरीक जमवली तोच. त्याला संसारापेक्षा आपला शब्द वाचवायचा असतो. (चहा कोणाच्या घरून आला यावरून निकाल ओळखणारे जाणकार प्रत्येक वस्तीत आहेत!) अशा माणसाने बैठकीला जरूर यावे, पण बाजूला बसावे.

मुंबईचे कौटुंबिक न्यायालय 1989 साली सुरू झाले. 1984 च्या कायद्याने ते आले. शिवेहून धारावी, कलानगर ओलांडले की वांद्रे-कुर्ला संकुलात त्याची इमारत आहे. आधी समेटाचा प्रयत्न करणे हे या न्यायालयाचे कर्तव्यच आहे. त्यासाठी तेथे विवाह समुपदेशक नेमलेले असतात आणि त्यांची फी नसते. वकील उभा करण्याचा हक्क येथे आपोआप मिळत नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. कायदा करणाऱ्यांचा हेतू हा, की नवरा-बायकोने आपले म्हणणे आपल्या तोंडाने सांगावे.

समुपदेशक दोघांना वेगवेगळे भेटतात आणि एकत्रही बसवतात. हे वेगळे भेटणे फार महत्त्वाचे आहे. सासरा समोर बसलेला असताना, दीर दारात उभा असताना, कोणती मुलगी सांगेल की नवरा पगार घरात देत नाही, दारू पिऊन येतो, किंवा त्याहून अवघड असे काही? ती गप्प राहते आणि बैठक समजते की तिची तक्रारच नाही. नवऱ्याचेही तसेच. आपली नोकरी गेली आहे हे चार माणसांत सांगण्यापेक्षा तो बायकोवर आरोप करणे पत्करतो. एकेकट्याला अर्धा तास ऐकून घेतले तर भांडणाचे खरे मूळ बहुतेक वेळा तेथेच हाती लागते.

आणि ऐकलेले पोटात ठेवावे लागते. आपल्या बैठकांचे सर्वांत मोठे दुखणे हेच. रात्री सांगितलेली गोष्ट सकाळी नळावर पोहोचलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात सांगितले, की मध्यस्थी यशस्वी झाली तर सह्यांचा करार न्यायालयाला पाठवावा आणि अयशस्वी झाली तर फक्त 'अयशस्वी' एवढेच कळवावे. कोण काय म्हणाले, कोणी काय देऊ केले, यातला एक शब्दही नको. न्यायाधीशालासुद्धा जे सांगायचे नाही, ते शेजारणीला कसे सांगायचे? न्यायालयात येणारे प्रशिक्षित मध्यस्थ साधारण 40 तासांचे शिक्षण घेऊन आलेले असतात. त्या शिक्षणात बोलण्यापेक्षा ऐकण्याचा आणि ऐकलेले राखण्याचाच धडा मोठा असतो.

आता मारहाणीचा प्रश्न. "दोन थपडा मारल्या म्हणून काय संसार मोडायचा?" हे वाक्य ज्या बैठकीत उच्चारले जाते ती बैठक तेथेच थांबवावी, असे माझे मत आहे. कायद्याचेही फार वेगळे नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा 2005 चा. त्याचे 2006 चे नियम समुपदेशकाला सांगतात, की केलेल्या हिंसेचे समर्थन करण्याची मुभा नवऱ्याला देऊ नये. "ती उलट बोलली म्हणून मारले" हे तेथे चालत नाही. हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी आधी घ्यायची. तडजोडीचे बोलणे बाईची इच्छा असेल तरच. शिवाय कोणाचा नातेवाईक किंवा या वादात हितसंबंध असलेला माणूस समुपदेशक होऊ शकत नाही.

शिवेला राहणाऱ्यांना यासाठी लांब जायला नको. सायन हॉस्पिटलात नवजात बाळांवर उपचार करणाऱ्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 साली 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. धारावीत, साठ फुटी रस्त्यावरच्या 'छोटा सायन' दवाखान्यातून, मार खाणाऱ्या बायकांना सल्ला आणि आधार देण्याचे काम या संस्थेने वर्षानुवर्षे केले आहे. त्याआधी 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या मुख्यालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र आले. या ठिकाणी बाईला पहिला प्रश्न 'तू काय केलेस?' असा नसतो, 'तू आज सुरक्षित आहेस का?' असा असतो. बैठकीतल्या वडीलधाऱ्यांनी एवढा एक प्रश्न उचलला तरी पुष्कळ झाले.

आता त्या स्टँप पेपरविषयी. यात आपल्या समाजातल्या कित्येक बायकांचे आयुष्य अडकले आहे. बैठकीत जमत नाही असे दिसले की शंभराचा किंवा पाचशेचा कागद येतो, त्यावर 'आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही' असे लिहितात, साक्षीदारांच्या सह्या, नोटरीचा शिक्का. झाली फारकत! ही घटस्फोटाची पद्धत कायद्याला मान्य नाही. आपली लग्ने बौद्ध पद्धतीने होत असली तरी 1955 चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्याने रूढीचा घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरे. पण अशी रूढी जुनी आणि अखंड आहे हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. ज्या रूढी आपण 1956 साली मागे टाकल्या, त्यांच्या आधारे सोडचिठ्ठी टिकवू पाहणे तसेही शोभत नाही.

बाबासाहेबांनी कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी झुंज घेतली, तेव्हा घटस्फोटाची कल्पना परकी आहे अशी ओरड झाली. शूद्र म्हणवल्या जाणाऱ्या बहुसंख्य समाजात रूढीने घटस्फोट चालतच आला आहे, हे त्यांनी सभागृहाला दाखवून दिले. बाईला हा हक्क जातीच्या पंचांच्या मर्जीवर नव्हे, कायद्याने मिळावा, हा त्या बिलाचा गाभा. बिल रखडले आणि सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

कागदी फारकतीचा हिशेब पुष्कळदा वीस-तीस वर्षांनी होतो. माणूस पालिकेत, रेल्वेत किंवा बेस्टमध्ये नोकरीला असतो. पहिलीला कागद देऊन त्याने दुसरीशी संसार थाटलेला असतो. तो वारला की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दोघी एकाच खिडकीसमोर उभ्या राहतात. घटस्फोटाचा हुकूमनामा नसेल तर दुसरे लग्न कायद्याने लग्नच नव्हे. तिच्या मुलांना कायदा औरस मानतो, पण तिला स्वतःला पत्नी मानत नाही. पंचवीस वर्षे चूल पेटवलेली बाई रिकाम्या हाताने परत जाते. सह्या करणारे पंच तोपर्यंत गावी गेलेले असतात, नाहीतर जगातून.

म्हणून दोघांना खरेच वेगळे व्हायचे असेल तर चांगला मध्यस्थ कागदावर थांबत नाही, न्यायालयापर्यंत नेतो. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद 1976 पासून आहे. एक वर्ष वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा; मग सहा महिने विचारासाठी. 2017 पासून, समेटाची आशाच नसेल आणि पोटगी, मुले वगैरे प्रश्न मिटले असतील, तर न्यायालय ती सहा महिन्यांची मुदत माफ करू शकते.

करारात काय लिहायचे याचीही एक रीत आहे. 'नवरा योग्य ती खावटी देईल' हे वाक्य कवडीमोलाचे. किती रुपये, महिन्याच्या कोणत्या तारखेला, कोणत्या बँक खात्यात, हे लिहा. शाळेची फी कोण भरणार, दिवाळीची सुट्टी मूल कोणाकडे राहणार, आंबेडकर जयंतीला आजीकडे कोण नेणार, लग्नातली भांडी आणि दागिने कोणत्या दिवशी परत होणार, हेही लिहा. मुलांच्या खर्चाचा हक्क मुलांचा असतो. सुटका लवकर व्हावी म्हणून आईने तो सोडून दिला, तरी मुलांचा तो हक्क संपत नाही.

पैशांवाचून हे अडू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या माणसांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश आहे, तेव्हा नवराही या मदतीला पात्र ठरू शकतो. 15100 या क्रमांकावर चौकशी करता येते.

बैठकीतला कागद समोर आला आणि "आत्ताच सही कर" असा आग्रह सुरू झाला, तर मुलीच्या बाजूच्या एकाने तरी उठून तो घडी करून खिशात घालावा आणि विधी सेवेच्या वकिलाला दाखवून आठ दिवसांनी भेटू असे सांगावे. जो मध्यस्थ त्याला हरकत घेईल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.