हळद वाळते ती वाऱ्यानं

मुदखेड, अर्धापूर, वसमतच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस गाठतो. म्हणून आपला बचत गट सोलर ड्रायर घ्यायच्या विचारात असेल, तर आधी वाळवण समजून घेऊ.

१०० किलो ओल्या हळदीत ८० किलो पाणी धरा. साठवणीसाठी ओलावा १० टक्क्यांवर आणायचा. म्हणजे हाती राहतात सुमारे २२ किलो. उरलेलं ७८ लिटर पाणी हवेनं वाहून न्यायचं असतं. विक्रेत्याला म्हणूनच ‘किती किलो माल मावतो’ याऐवजी ‘दिवसाला किती लिटर पाणी निघतं’ हे विचारावं.

पहिलं काम निवडीचं. जेठे गड्डे आणि हळकुंडं एकत्र टाकली, तर हळकुंडं वाळतात आणि गड्डे आतून ओले राहतात.

मग शिजवण. काडी सहज आत गेली की थांबावं. जास्त शिजलं की रंग बिघडतो.

उन्हात वाळवायचं तर ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचाच थर द्यावा, रोज हलवावा, संध्याकाळी गोळा करून झाकावा. असे दहा-पंधरा दिवस जातात.

ड्रायरमध्ये गरम हवा ओल घेऊन वरच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि खालून कोरडी हवा आत येते. घोटाळा इथेच होतो: उष्णता टिकावी म्हणून झरोके बंद केले जातात. मग आतली हवा ओलीच राहते, माल वाफाळतो, बुरशी धरतो. सुरुवातीला माल सर्वांत ओला असतो, तेव्हा झरोके पूर्ण उघडे हवेत. तापमान ६० अंशांपुढे नको. वरची साल आधी कडक झाली की आतलं पाणी अडकतं.

माझं मत सांगतो. लहान ड्रायर अख्ख्या हळकुंडांत गुंतवू नये. हळदीच्या चकत्या न शिजवताही वाळतात, आणि लवकर. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या तरुणांनी उभ्या केलेल्या, २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळवलेल्या एसफोरएस टेक्नॉलॉजीजनंही गावोगावच्या महिलांना सोलर ड्रायर दिले ते कांदा-टोमॅटोसारख्या चिरलेल्या मालासाठी.

वाळलेलं हळकुंड मोडताना खणकन आवाज यायला हवा. चकती वाकता कामा नये, तुटायला हवी. त्यानंतरही पोती लगेच भरू नयेत. गरम माल बांधला की आत घाम सुटतो. सावलीत पूर्ण निवल्यावरच तोंड शिवावं.